अकरा वेळा ‘खाली’

सरौणी खोरे, हिमाचल
४ मार्च २०२५

तीर्थरूप बाबांस,
देवश्रीचा शि. सा. न. वि. वि.

एका शब्दाचे दोन अर्थ निघाले तर चूक लिहिणाऱ्याची की वाचणाऱ्याची? तीन दिवस हाच विचार करते आहे. तुमचा सारा जन्म पाट्या रंगवण्यात गेला, म्हणून तुम्हाला विचारते. इथे मोबाइलला रेंज नाही. फार्मची जीप आठवड्यातून एकदा टपाल नेते.

सगळ्यांत वर आमचा घोड्यांचा फार्म आहे. तळाशी नदीकाठी राजमा आणि सफरचंदं पिकवणारं गाव, आणि मधल्या उतारावर गद्दी मेंढपाळांचे अकरा पडाव, म्हणजे मुक्कामाच्या जागा. हिवाळ्यात ते मेंढ्या घेऊन कांगड्याकडे उतरतात, वैशाखात परततात. डिसेंबरात मी फार्मसाठी जमिनीची पाहणी करायला गेले, तेव्हा प्रत्येक पडावावर चूल होती आणि चुलीवर दगडाने दाबलेला पालथा तवा. गावात एक वयस्कर माई आहेत, त्या सांगतात, पालथा तवा म्हणजे आम्ही परत येणार, हात लावू नका.

मी डायरीत लिहिलं, ‘खाली’. म्हणजे माणसं खाली उतरली आहेत. फार्मच्या हिंदी रजिस्टरात उतरवताना तोच शब्द अकरा ओळींत तसाच टाकला. मॅनेजरसाहेबांनी तो हिंदीत वाचला, ‘रिकामे’. आता अकराही पडाव घोड्यांच्या कुंपणात जाणार, लोखंडी खांब येऊन पडलेत. मी चूक सांगितली तर साहेब हसले. म्हणाले, शब्द अगदी बरोबर आहे, अक्षरही सुंदर आहे. महिनाअखेर तुमचं नोकरी पक्की झाल्याचं पत्र येतंय, तोवर शांत राहा.

आईला गुडघ्यांना तेल लावायला सांगा. माझ्यावरचा लोभ कमी करू नका.

तुमची,
देवश्री

•

उज्जैन
१५ मार्च २०२५

चि. देवश्रीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘खाली’पाशी ती आधी हसली, मग तव्यावरची पोळी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

तुझ्या जन्माआधीची गोष्ट. देवास गेटला सुहासरावांच्या पोह्यांच्या दुकानाची पाटी मी रंगवली. आपल्या मराठी सवयीने झोकात लिहिलं, ‘उपहारगृह’. दुसऱ्या दिवसापासून लोक लग्नात द्यायला भिंतीवरची घड्याळं मागू लागले! ‘उपाहार’मधला काना मी गाळला होता, आणि हिंदीत उपहार म्हणजे भेटवस्तू, हे मला सुचलंच नाही. सुहासराव म्हणाले, राहू द्या भैया, आलेला माणूस हसतो आणि पोहे खाऊन जातो. पण मला चैन पडेना. चौथ्या दिवशी भर बाजारात शिडी लावून मी ते खरवडलं. खालून लोक टाळ्या पिटत होते.

पण बेटा, ती शिडी माझी होती. तुझी शिडी साहेबांची आहे. आपल्या घरात डिग्री घेणारी तू पहिली. ती मी टावर चौकातल्या दुकानात फ्रेम करून टांगली आहे. गिऱ्हाईक पाटीबद्दल बोलण्याआधी तिच्याबद्दल विचारतं. खरं म्हणजे मीच सांगतो. तेव्हा नोकरीचं पत्र हातात पडू दे, मग काय ते बोल. तवे काही पळून जात नाहीत.

आई विचारते, तिकडे पोहे मिळतात का. म्हाताऱ्या आईबापावरही थोडा लोभ ठेव.

तुझे,
बाबा

•

सरौणी गाव
३ एप्रिल २०२५

तीर्थरूप बाबांस,
देवश्रीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा सल्ला आणि तुमची गोष्ट एकाच पाकिटात आली, आणि दोघांचं आपसांत जमेना. मी गोष्टीचं ऐकलं. शिडी साहेबांची खरी, पण अक्षर माझं होतं.

मागच्या गुरुवारी मी रजिस्टरातले अकराही ‘खाली’ खोडले. समोर लिहिलं, ‘जाड़ों में नीचे गए हैं, वैशाख में लौटेंगे’, आणि प्रत्येक ओळीशी सही केली. त्याची नक्कल पंचायतीच्या सभेत वाचली. माईंनी बसल्या जागेवरून अकरा घरांची नावं म्हटली. त्यांतली दोन मी रजिस्टरात चुकीची लिहिली होती, तीही सुधारली. प्रधानांनी, म्हणजे इथल्या सरपंचांनी, विचारलं, शिकलेल्या मुलीकडून असं कसं झालं. मी म्हटलं, आमच्या घरी दोन भाषा एकाच ताटात जेवतात. ते म्हणाले, मग वाढताना तरी बघत जा. सगळे हसले, मीसुद्धा. मेंढपाळ येऊन बोलेपर्यंत खांब रोवू नयेत, असं पंचायतीने साहेबांना लिहून दिलं आहे. साहेब ते कितपत मानतील, ठाऊक नाही.

माझं नोकरीचं पत्र येणार नाही, हे मात्र त्यांनी सरळ सांगितलं. परवा मंगळवारी फार्मवरच्या खोलीची किल्ली मी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि नदीकाठी माईंच्या घरी राहायला आले. वैशाखात पडावांवर जाऊन माझी चूक मला स्वतः सांगायची आहे, मग उज्जैनला येईन. इथे पोहे मिळत नाहीत, असं आईला सांगा.

डिग्री टांगलेली राहू द्या. कोणी विचारलंच की मुलगी सध्या काय करते, तर सांगा, खाली आहे. दोन्ही अर्थांनी.

लोभ उतरला असेल तर पुन्हा चढवा.

तुमची,
देवश्री