घोड्याच्या खुराकातून निवडलेल्या जवाच्या बियाण्याबाबत

प्रति,
मा. योजना अधिकारी साहेब,
खारी जमीन जव लागवड योजना,
बीज भांडाराच्या वरचा मजला, सुरत.

अर्जदार : योगराज दगा बागूल, वय ४७, राहणार गोडादरा. धंदा पूर्वी लूम, सध्या शेती.

विषय : योजनेच्या पोत्यातील जव उगवत नसल्याने घरी निवडलेला जव पेरण्यास नऊ कुटुंबांना परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : श्रीमती पुष्पाबाई निकुंभ यांना ‘जमीन पडीक ठेवली’ म्हणून आलेली आपली नोटीस, दि. १२ नोव्हेंबर १९९८.

महोदय,

सविनय अर्ज करण्यात येतो की, योजनेच्या पोत्याबद्दल गेल्या साली दिलेले दोन अर्ज गुजरातीत होते. दोन्ही ‘अक्षर लागत नाही’ असा शेरा मारून परत आले. ते अक्षर टाइपरायटरचे होते. साहेबांचे शिक्षण धुळ्याला झाल्याचे कळले, म्हणून हा तिसरा अर्ज मराठीत आणि हाताने लिहिला आहे.

१. अर्जदार नवागामच्या एका कापड कारखान्यात एकवीस वर्षे लूम चालवत होता. गेल्या साली कारखाना बंद पडला. त्याच सुमारास इच्छापोरच्या पुढची खारी जमीन बेकार कामगारांना एकेका वर्षाच्या परवान्यावर देण्याची आपली योजना निघाली आणि अर्जदाराला अर्धा एकर मिळाला. पहिल्या दिवशी पाहिले तर सगळ्या जमिनीवर मिठाचा पांढरा थर. खाऱ्या जमिनीत जव तग धरतो, असे आपल्या पत्रकात छापले होते. ते खरे आहे. पत्रकातली तेवढीच गोष्ट खरी निघाली, म्हणून तिचा मान आधी ठेवला.

परवान्यात अट क्रमांक तीन अशी की, जमीन पडीक राहिली तर परवाना रद्द. अट क्रमांक चार अशी की, योजनेच्या पोत्याखेरीज दुसरे बियाणे पेरले तर परवाना रद्द. या दोन अटी एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत, हे अर्जदाराच्या नंतर लक्षात आले.

२. मागच्या वर्षीच्या दिवाळीत भांडारातून पोते मिळाले. शिवण सरकारी, शिक्का सरकारी, चिठ्ठीवर ‘उगवण पंच्याऐंशी टक्के’. अर्जदार ते डोक्यावरून वरातीसारखे घरी घेऊन आला. अर्जदाराची पत्नी भागीरथी हिने पोत्यात हात घातला, मूठभर जव परातीत पसरला आणि वास घेतला. मग एक दाणा दाढेखाली धरला. तो फुटला नाही, त्याचे पीठ झाले. तिने बाकीचे दाणे उजेडात धरले. निम्म्यांच्या टोकाला किड्याने बारीक भोक पाडले होते, आणि कोंब नेमका तिथूनच निघतो. ती आमच्या अहिराणीत म्हणाली, “हाई बी नई से. हाई भुसा से.”

अर्जदार म्हणाला, “चिठ्ठीवर पंच्याऐंशी लिहिलंय.”

ती म्हणाली, “मंग चिठ्ठी पेर.”

तरीही सरकारवर अन्याय नको, म्हणून तिने शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. रोज पाणी शिंपडले. सातव्या दिवशी उलगडले, तर चौदा उगवले होते. ते चौदाही आजारी माणसाने उठून बसावे तसे.

३. ती गोणपाटाची पोटली घेऊन दोघे दोन बस बदलून आपल्या कार्यालयात आले. भांडारपाल हसमुखभाई यांनी पोटली न उघडता चिठ्ठी वाचली आणि लिहिले म्हणजे उगवलेच, असा निकाल देत सांगितले, “पंच्याशी टका लखेलु छे ने? एटले पंच्याशी उगेला छे.” चौदाच उगवल्याचे दाखवायला भागीरथी पोटली सोडू लागली, तेव्हा त्यांनी रजिस्टर भिजेल म्हणून तिला थांबवले, पोटलीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारला आणि साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून ती कपाटात ठेवली.

साहेबांचा दौरा पाच आठवड्यांचा झाला. कपाट उघडले तेव्हा पोटलीवर बुरशी आली होती. बुरशीचा रंग हिरवा होता. तिच्यावर ‘नमुना तपासला, हिरवा आढळला, तक्रार निकाली’ असा आपल्या सहीचा शेरा आहे. एकवीस वर्षे सदोष कापडावर ‘पास’ शिक्का पडताना पाहिलेल्या अर्जदारालाही तो शेरा दोनदा वाचावा लागला.

४. पेरणीचे दिवस शेऱ्यासाठी थांबत नाहीत. लिंबायतला बळीराम म्हणून गृहस्थ लग्नाच्या वरातीची घोडी पाळतात. त्यांच्याकडे घोडीच्या खुराकासाठी जव येतो. अर्जदार संकोचाने त्यांना म्हणाला, “पेरायला वीस किलो पाहिजे.” बळीराम म्हणाले, “घ्या. माझी घोडी खराब दाण्याला तोंड लावत नाही. तिची तपासणी तुमच्या साहेबांपेक्षा कडक आहे.” हे त्यांचे शब्द आहेत. अर्जदाराने ते फक्त पोचवले.

भागीरथीने बी कसे निवडले ते येथे नमूद करणे जरूर आहे, कारण आपल्या पत्रकात बियाणे निवडण्याच्या पानावर साहेबांचा फोटो आहे आणि खाली जागा उरलेली नाही. तिने आधी चाळून बारीक आणि तुटका दाणा काढला. मग मिठाच्या पाण्यात जव ओतला. तरंगला तो घोडीला परत दिला, बुडाला तो गोड्या पाण्याने तीनदा धुऊन सावलीत वाळवला. त्यानंतर आठ दिवस परात मांडीवर घेऊन तिने काळा पडलेला, सुरकुतलेला, दुसऱ्या जातीचा एकेक दाणा वेचून टाकला. अर्जदार मदतीला बसला होता. त्याने निवडलेले ती पुन्हा निवडत होती. शेवटी शंभर दाणे गोणपाटात ठेवले. त्र्याण्णव उगवले.

ते बी अर्जदाराने पेरले. अट क्रमांक चार मोडली हे तो कबूल करतो. योजनेचे पोते जसेच्या तसे घरी आहे.

५. फेब्रुवारीत जव गुडघ्याच्या वर आला. तेव्हा आपण जीप घेऊन, फोटोग्राफरसह आलात. पीक पाहून आपण फार खूश झालात. बांधावर पाटी उभी राहिली : ‘योजनेच्या प्रमाणित बियाण्याची किमया’. अर्जदाराच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि पाटीखाली उभे केले.

आता जे लिहायचे ते आपल्याविरुद्ध नाही, अर्जदाराच्या स्वतःविरुद्ध आहे. भागीरथी मागून त्याचा सदरा ओढत होती. “सांग ना, घोडीचं बी से म्हणून सांग.” तो बोलला नाही. काही अंशी परवान्याची भीती होती. पण खरे कारण असे की, आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणी शाल घातली होती, ती अंगावरून उतरवावीशी वाटेना. फोटोत तो हसतो आहे. भागीरथी फोटोत नाही. ती तोवर निघून गेली होती.

६. त्या पाटीमुळे यंदा गोडादऱ्याच्या आमच्या गल्लीतल्या आणखी आठ कुटुंबांनी परवाने घेतले. त्यांत पुष्पाबाई निकुंभ या एकट्या बाई आहेत. त्यांनी साडीवर टिकल्या लावण्याचे काम सोडले, दिवाळी झाल्याबरोबर सगळ्यांच्या आधी जमीन तयार केली आणि २८ ऑक्टोबरला योजनेचे पोते पेरले. पंधरा दिवस त्या रोज बसने जाऊन वाफ्याशी वाकून बघत होत्या. काही वर आले नाही. वर आली ती आपली नोटीस.

नोटीस घेऊन त्या त्याच दिवशी अर्जदाराच्या दारात आल्या. भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या शेतात पाटी होती. तुम्ही तिच्याखाली उभे होते. म्हणून मी पेरलं.”

 भागीरथी आतून आली, पुष्पाबाईंना खाली बसवले, पाणी दिले आणि म्हणाली, “यास्नं चुकलं. आते बी निवडाले बसा.”

७. त्या संध्याकाळी अर्जदाराने घरोघर जाऊन आठही कुटुंबांना खरी हकिकत सांगितली. काहींनी शिव्या दिल्या. त्या योग्य होत्या. त्यानंतर दोन दिवस नऊ घरांच्या बायका-पुरुषांनी अर्जदाराच्या मागच्या पिकाचा जव ओट्यावर बसून निवडला. भागीरथी प्रत्येकाच्या परातीत डोकावत होती. जन्मभर सुताचा एक तुटका धागा लांबून ओळखणारे कारागीर तिच्यासमोर दाणा उचलताना कचरत होते. रविवारी, दि. १५ रोजी, सगळ्यांनी मिळून आधी पुष्पाबाईंचा वाफा पेरला, मग आपापले.

सबब विनंती अशी की,

अट क्रमांक चार रद्द करून नऊही कुटुंबांना निवडलेले बी पेरण्याची लेखी परवानगी द्यावी. पुष्पाबाईंची नोटीस मागे घ्यावी. भांडारातली उरलेली पोती कोणाला देण्याआधी प्रत्येकातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून, कपाटात न ठेवता, सात दिवसांत मोजावेत. मोजण्यास माणूस नसल्यास भागीरथी येईल. बांधावरची पाटी अर्जदाराने स्वतः उपटली आहे. तो सरकारी मालमत्तेचा गुन्हा होत असल्यास त्याच्या एकट्यावर दाखल करावा, बाकी कुटुंबांना त्यात ओढू नये.

परवानगीबाबत साहेबांनी घाई करू नये. परवा रविवारी नऊही शेतांत कोंब वर आले. ते परवानगीची वाट न पाहता आले, याबद्दल अर्जदार सर्वांच्या वतीने दिलगीर आहे. त्यांना परत जमिनीत घालण्याचा काही शासकीय उपाय असल्यास उलट टपाली कळवावे.

आदर राखून, पण माघार न घेता,

(सही) योगराज दगा बागूल
(अंगठा) भागीरथी योगराज बागूल
गोडादरा, सुरत
दि. २४ नोव्हेंबर १९९८

सोबत : रेशनकार्डाची झेरॉक्स, ओळखीसाठी.