शेवटचा दोन पुढे आणला की

बाई, आज शाळा सुटल्यावर तुमची फार आठवण आली. खोलीवर या वेळी बोलायला कोणी नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

माझं लग्न ठरलं, शाळेतून नाव निघालं, तेव्हा तुम्ही मला धरमपेठेतल्या तुमच्या घरी बोलावलंत. तुम्ही चुलीपुढे वालाच्या शेंगा सोलताय, मी पाटावर. "भांडी देणारे पुष्कळ भेटतील, मी तुला एक संख्या देते," म्हणालात आणि पाटीवर लिहिलंत: १०५२६३१५७८९४७३६८४२. "शेवटचा दोन उचलून सगळ्यांच्या पुढे ठेव. संख्या बरोबर दुप्पट होते." एवढी लांब संख्या मी कधी पाहिली नव्हती. उजवीकडून दुप्पट करायला लागले आणि निम्म्यावरच ओरडले, "येतंय, बाई, येतंय!" तुम्ही रागावलात. "कडेपर्यंत जा. अर्ध्यात हरखणाऱ्याला गणित येत नाही." कडेपर्यंत गेले. २१०५२६३१५७८९४७३६८४. असं का होतं विचारलं, तर म्हणालात, "ते तू शोध. सापडलं की येऊन सांग."

रामटेकला सासरी दुसऱ्याच वर्षी हे तापाने गेले. त्यानंतर घरात माझ्याशी कामापुरतं बोलणं उरलं. दुपारी सगळे आडवे झाले की मी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने ती संख्या लिहायची, खाली तिची दुप्पट, मग पुसून टाकायची. एकदा पुसायची राहिली. सासूबाई उभ्या. "हे काय लिहून राहिली वं? काहून लिहिलं? मले तं करणी दिसते." त्यांनी मामंजींना हाक मारली. मी कोळसा त्यांच्यापुढे धरला. तोंडातून एवढंच निघालं, "मामंजी, वरच्या ओळीची दुप्पट करून पाहा." त्यांनी कोळसा घेतला. हळूहळू, हातचा पुटपुटत, ते कडेपर्यंत गेले. मग दोन्ही ओळी पुन्हा पुन्हा पाहत राहिले. सासूबाईंना म्हणाले, "करणी नाही वं, गणित आहे." आणि माझ्याकडे न बघता, "तुले शाळेत जायचं आहे काय, पोरी?" मी मान हलवली. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी भिंत सारवून काढली. पण निघताना दशम्या त्यांनीच बांधून दिल्या.

मामंजी दमणीला बैल जुंपून स्वतः मला नागपूरला घेऊन आले. आधी तुमच्याच दारी. दार दुसऱ्याच बाईने उघडलं. "मास्तरीणबाई? त्या तं मागच्या उन्हाळ्यातच गेल्या." मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे?" ती आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. मामंजी दमणीजवळ उभे होते. तिथून ते मला शाळेत घेऊन गेले.

शिकले. शिक्षिका होण्याच्या परीक्षेची तयारी करताना एका दुपारी सहज दोनाला एकोणिसाने भागत बसले. दशांश चिन्हापुढे एकेक आकडा तुमचाच उतरायला लागला. भागाकार संपेना, शेवटच्या दोनावर आला की पुन्हा एकापासून सुरू. मग दोनाच्या दुपटीला, चाराला, एकोणिसाने भागलं. तेच आकडे, त्याच रांगेत, फक्त सुरुवात शेवटच्या दोनापासून. मी उठून वसतिगृहाच्या ओसरीवर पळाले. ओसरीवर मुली वेण्या घालत होत्या. "काय झालं गं?" एकीने विचारलं. "काही नाही," म्हटलं आणि आत आले. ज्यांना सांगायचं होतं त्या तुम्ही. दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर ते नुसतं उत्तर झालं असतं.

आता सीताबर्डीला एका खोलीत राहते. मामंजी आणि सासूबाई दोघंही गेले. दरवर्षी वरच्या वर्गातल्या मुलींना ती संख्या देते. त्यांतल्या एकदोघी तरी संध्याकाळी माझ्या खोलीवर येतात, जमिनीवर बसून खडूने फरशी भरून टाकतात, भांडतात, चहा पितात. "सांगा ना बाई, असं का होतं?" मी म्हणते, शोधा.

त्यांना मी कडक वाटते, तुम्ही मला वाटायच्या तशी. तसं नाही, बाई. उत्तर मिळालं तर त्या यायच्या थांबतील, म्हणून सांगत नाही.