ट्रेलर की पिशव्या

मंगळवार, १९ ऑक्टोबर

ताईस नमस्कार.

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. प्रशिक्षण संपायला अजून दोन आठवडे आहेत आणि वसतिगृहातली गादी दगडासारखी आहे, हे वाचलं. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आता बरा आहे. दुकानात सायकलच्या पिशव्यांची इतकी कामं आहेत की मान वर करायला वेळ नाही. गेल्या आठवड्यात शिलाई मशीनचा पट्टा तुटला, तोही जेवायच्या सुट्टीत बदलला.

परत आलीस की तू आणि भाऊजी सायकलवरून समुद्रापर्यंत जाणार, आठ दिवस तंबूत राहणार, तर सामान ट्रेलरमध्ये न्यावं की पिशव्यांत, असं तू विचारलंस. वर हेही लिहिलंस, ‘तुझ्याइतकं यातलं कोणाला कळतंय?’

खरं आहे. मला फार कळतं.

तर ऐक. पाठीवर सॅक घेऊ नका, दुसऱ्याच दिवशी खांदे बोलायला लागतात. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लावा. स्टोव्ह, भांडी, पाणी असं जड सामान अगदी तळाशी. दोन्हीकडे वजन सारखं हवं. काट्यावर तोलून बघा, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. तंबू कॅरिअरवर आडवा बांधा. हँडलवर हलकंफुलकं तेवढंच. ट्रेलरमध्ये सामान दुप्पट मावतं, सपाट रस्त्यावर जाणवतही नाही. पण उतारावर तो मागून ढकलतो. त्याला सायकलशी धरून ठेवणारा एकच बोल्ट असतो, आणि तो बोल्ट निसटू नये म्हणून एक क्लिप. बोटाच्या पेराएवढी.

ती नसली की काय होतं, ते तुला सांगायला नको.

हेच सगळं मी परवा रविवारी सायकल मंडळाच्या लोकांना सांगितलं. शाळेच्या हॉलमध्ये प्रात्यक्षिक होतं, चाळीसेक माणसं होती. आईला आणि भाऊजींना मी स्वतः घरी जाऊन बोलावलं. तू इथे नसशील हे बघूनच मी तारीख दिली होती. लपवत नाही.

आपला जुना ट्रेलरही घेऊन गेले होते. तुला वाटत असेल, तो केव्हाच भंगारात गेला. नाही. सायकलवाल्या काकांच्या आवारात पडून होता. गेल्या वर्षी पिशव्यांसाठी कॅरिअरची मापं घ्यायला गेले, तर काका म्हणाले, “त्या जोडणीच्या भोकात काय अडकलं होतं ते बघितलंस का तू? मी काढलं नाही. म्हटलं, कोणीतरी विचारायला येईल.”

क्लिपच्या जागी केसांची पिन होती. मोडलेली. अर्धी गेली होती, निळा मणी असलेली अर्धी तिथेच वाकून बसली होती.

सात वर्षांपूर्वी आपण दोघी सायकलवरून सहलीला निघायच्या आदल्या संध्याकाळी ट्रेलर माझ्या सायकलला तू जोडलास. “सगळं घट्ट केलंय, तू बिनधास्त चालव,” म्हणालीस. घाटाच्या तिसऱ्या वळणावर मागून धाडकन काहीतरी आदळलं, एवढंच मला आठवतं. नंतर दवाखाना. उजव्या हाताची दोन बोटं वाकेनाशी झाली. घड्याळ दुरुस्तीचं काम सुटलं. केसाएवढा स्क्रू उचलणारा हात, ताई. आता त्याच हाताने ताडपत्रीत दाभण घालते.

पिन लावलीस म्हणून मला राग नाही. क्लिप हरवली असेल, अंधार पडत आला असेल, हाताशी आलं ते खुपसलंस. माणसाच्या हातून होतं. पण माझ्या खाटेशी उभं राहून तू आईला म्हणालीस, “किती ओरडले मी, पण ही ब्रेकच लावेना.” मला काही आठवत नव्हतं, म्हणून मीही तेच खरं धरलं. मीच तुझी माफी मागितली होती, आठवतंय? तुझी सहल बुडवली म्हणून! आणि तू माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणालीस, “जाऊ दे गं.”

सहा वर्षं मी स्वतःला शिव्या घातल्या. सातवं वर्ष तुझं होतं.

हॉलमध्ये मी तुझं नाव घेतलं नाही. फक्त सांगितलं, “क्लिपच्या जागी असं काहीबाही लावलं, तर माणूस आयुष्यातून उठतो,” आणि ती जोडणी पहिल्या रांगेत फिरवायला दिली. भाऊजींनी बघितली आणि आईच्या हातात ठेवली. आईने चष्मा वर केला. मण्यावर अंगठा फिरवला.

“ही थोरलीची पिन,” ती म्हणाली. मोठ्याने. “मीच आणली होती. बारा पिनांचा पुठ्ठा होता.”

मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. भाऊजींनी मला विचारलं, “तिला माहीत होतं?” मी म्हटलं, “जोडणी तिने केली होती. तिलाच विचारा.” ते तुझ्याशी अजून बोलले नसतील, तर त्याचं कारण हे.

मला वाटलं होतं, नंतर वाईट वाटेल. नाही वाटलं. घरी येऊन पोटभर जेवले.

काल सकाळी आई दुकानात आली. “तुला सारखी घाई, घाईच नडली तुला,” हे वाक्य सात वर्षं म्हणत आलेली आई. माझा उजवा हात तिने मांडीवर घेतला आणि ती दोन बोटं चोळत बसली. गिऱ्हाईक आलं तरी सोडला नाही. शेवटी मीच म्हटलं, “आई, काम आहे गं.”

तुमच्या दोघांच्या पिशव्या शिवून तयार आहेत. चांगल्या शिवल्यात. दुहेरी टाके, आकडे पक्के, पाणी आत जायचं नाही. माझ्या शिवणीत कुणी खोट काढायची नाही, तूसुद्धा. भाऊजी कालच येऊन त्यांची जोडी घेऊन गेले. तुझी ठेवून गेले.

पोस्टाने पाठवणार नाही. हव्या असतील तर दुकानात ये आणि माग. दुपारी ये, आई हल्ली दुपारभर इथेच बसते. तिच्यासमोर माग.

आईची लेक,
धाकटी