तुझी राजीखुशी

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज दुपारी मी तुझ्यावरच भडकले. वाशीमला ज्या वकिलाकडे मी काम करते, तिथं एका सफाईवाल्या बाईला तिची लेक ओढत घेऊन आली होती. किमान वेतन म्हणजे काय ते मी समजावून सांगत होते, तर बाई मधेच म्हणाली, "मी राजी आहो ना, मंग कायचा कायदा?" मी इतक्या जोरात ओरडले की वकीलसाहेब बाहेर आले.

कारंजाची ती डाळमिल अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही बाया फरशीवर बसून तूर निवडताय, नाकाला पदर बांधलेला, भुवयांवर भुसा. मी कॉलेजात होते. तुला न विचारता तक्रार केली. सरकारी कामगार अधिकारी आले, त्यांनी मालकासमोरच, मी बाजूला उभी असताना, तुला मजुरी विचारली. तू खरी सांगितलीस, आणि लगेच म्हणालीस, "पण मी राजीखुशीनं घेतो, साहेब. मालक घरच्यावानी वागवते. हिचा बाप बिमार होता तवा यायनंच गाडी धाडली."

ते अधिकारी शांतपणे म्हणाले, "बाई, सरकारनं ठरवलेल्या मजुरीच्या खाली उतरायची मुभा मालकाला नाही, तशी तुम्हालाही नाही. तुम्ही स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं तरी कायद्यात ते चालत नाही. गाडी धाडली, चांगलं केलं. मजुरी वेगळी."

सगळ्या बायांना कमी दिलेल्या मजुरीचा फरक मिळाला. आणि तू काय केलंस? दुसऱ्या दिवशी तो मालकाच्या गादीवर नेऊन ठेवलास! घरी मी विचारलं, "काहून?" तर म्हणालीस, "हरामाचं मले नाई पाहिजे." हरामाचं? तुझ्या कमरेचं, तुझ्या डोळ्यांचं होतं ते! मालकानं नको म्हटलं नाही, उचलून आत ठेवलं. मग बाकीच्या बायांनीही एकेक करून आणून दिलं. कुणी मागितलं नव्हतं, पण तू दिल्यावर त्या कशा ठेवून घेणार? त्यातल्या एकीनं लेकीला नर्सिंगला घालायचं ठरवलं होतं. ती पोरगी नंतर तिच्याच शेजारी तूर निवडायला बसली. मजुरीही परत पहिल्यासारखी झाली.

नाही म्हणायची सोयच नसलेल्या माणसाच्या होकाराला कायदा किंमत देत नाही, हे मला पुढं कळलं. तुला कोण सांगणार होतं? मी सांगितलं असतं. तू ऐकून घेतलंस का कधी? मरेपर्यंत त्या मालकाचं नाव हात जोडून घेत राहिलीस.

हे पत्र कुठं पाठवणार? पण एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. तू पैसे ठेवायला गेलीस तेव्हा मी अडवायला मागोमाग आले होते. मी पोचले तोवर तू मिलमधून बाहेर पडत होतीस. चाल अशी ठाम, मान अशी ताठ, की मी पानठेल्याच्या आड उभी राहिले आणि तुला जाऊ दिलं. तशी तू मला आधी कधीच दिसली नव्हतीस, माय. मला त्याचाच जास्त राग येतो.