डावा हात बाहेर राहील अशी गोधडी

प्रिय भुंग्या,

पार्सल उघडलं असशील, तर गोधडी बाजूला ठेव आणि आधी हे वाच. अर्धं वाचून फोन करू नकोस. फोनवर मला नीट बोलता येत नाही. तुला ते ठाऊक नाही, मला आहे. म्हणून कागद घेतला. तीन फाडले, हा चौथा. दुकानात जेवणाची सुट्टी आहे, मालकीणबाई पलीकडे डबा खातायत, आणि पडदे कापायच्या लांब टेबलाच्या एका टोकाला बसून मी हे लिहितेय.

आधी गोधडीचं सांगते, कारण ते सोपं आहे. आठ महिन्यांपूर्वी डायलिसिस सुरू झाल्यावर तू म्हणाला होतास, “ताई, सुया टोचल्याचं काही नाही ग, पण रक्त बाहेर फिरून परत येतं ना, ते गारठूनच येतं. चार तास नुसती हुडहुडी.” दवाखान्यातलं पांघरूण म्हणजे टेबलक्लॉथ, असंही म्हणालास. फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी तुझ्या बायकोला गुपचूप कळवलं की ह्याचे जुने टी-शर्ट पाठव. तिने खोकं भरून तेवीस पाठवले, वर चिठ्ठी: “ह्यातले तीन त्यांना फार आवडतात, ते कापू नका.” कोणते तीन, ते लिहायला विसरली. मी विचारलं तर म्हणाली, “मला तरी कुठे माहीत? टाकायला काढले की प्रत्येक वेळी वेगळेच तीन आवडते होतात.”

मी बावीस वर्षं पडदे शिवतेय. पडद्याचं कापड सरळ असतं, सांगितलेलं ऐकतं. टी-शर्टचं कापड म्हणजे तू लहानपणी होतास तसं. इकडून धरलं की तिकडून पळतं. पहिले दोन चौकोन मशीनखाली ताणले जाऊन वाकडेतिकडे झाले. मग प्रत्येक तुकड्याला मागून इस्त्रीने चिकटणारं अस्तर लावलं, बोथट टोकाची सुई आणली, पुठ्ठ्याचा एक फूट बाय एक फूट साचा केला आणि त्यावर ठेवूनच कापायला लागले. मालकीणबाई म्हणाल्या, “एवढ्या नेटाने तू माझे पडदे कधी शिवले नाहीस.” खरं होतं ते. सुट्टी झाली की घास कोंबून मशीनवर बसायचे. घरी गेल्यावर चहा टाकायच्या आधी उसवायला घ्यायचे. तुझे भावोजी म्हणायचे, अगं, त्याला थंडी वाजतेय, आग लागलेली नाही. मी हसायचे नाही.

एकदा सगळे टी-शर्ट टेबलावर वयाने ओळीत मांडले. पहिला पिवळा, शाळेच्या रिले शर्यतीचा. तू हातातली काठी पाडलीस, तुमची चौकडी शेवटची आली, आणि घरी येऊन सांगितलंस की भाग घेतला म्हणून सगळ्यांना टी-शर्ट देतात, म्हणजे जिंकणं ऐच्छिक असतं. मग आइस्क्रीमच्या दुकानातल्या पहिल्या नोकरीचा गुलाबी, जिथून नवव्या दिवशी तुला काढलं, आणि का काढलं ते तुझ्या पोटालाच माहीत. मग माझा निळा. तो माझा आहे, आता वाद घालू नकोस, आत शिवणीत माझ्याच हातची रफू आहे. लग्नाच्या आठवड्यात मित्रांनी दिलेला ‘सुटका नाही’ लिहिलेला. तुझ्या लेकीने रंगात पाय बुडवून ज्याच्यावर नाच केला, तो पांढरा. मांडताना मजा वाटत होती. मग गळ्याच्या मागच्या लेबलांकडे लक्ष गेलं. लहान, मध्यम, मोठा, त्याहून मोठा, आणि शेवटच्या वर्षीचे दोन पुन्हा मध्यम. तू फोनवर दर वेळी “मस्त चाललंय” म्हणतोस. लेबलांनी मला खरं काय ते सांगितलं. मी ती दोन लेबलं कापून काढली आणि केराच्या डब्यात टाकली. कोणी बघू नये असं का वाटलं, कोण जाणे.

तीन महिन्यांपूर्वी मी आले होते ना, न कळवता? तुला वाटलं, सहज आले. मी तुझ्या डायलिसिसच्या खुर्चीचं माप घ्यायला आले होते. तू मशीनवर झोपला होतास. डावा हात उघडा, दोन नळ्या, आणि डायलिसिससाठी शिवून जोडलेल्या नसेवर तुझी ती फुगलेली गाठ. पहिल्यांदा झाली तेव्हा माझा हात त्यावर ठेवून म्हणाला होतास, “बघ, गुणगुणतेय. आता हातसुद्धा भुंगा झाला.” नर्सने सांगितलं, पांघरूण कसलंही घ्या, पण हा हात कायम दिसला पाहिजे, सुई निसटली तर झाकलेल्या हाताखाली कळत नाही. म्हणून गोधडीला डाव्या बाजूला फट आहे, काठ दुहेरी शिवलेत, ती चुकून राहिलेली नाही.

मी टेप लावत होते, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरचे ते म्हातारे ड्रायव्हर, तुझे पत्त्यांचे भिडू, हळूच म्हणाले, “तुम्हीच का ताई? हा रोज सांगतो तुमच्याबद्दल. किडनी द्यायची म्हटल्यावर पहिल्याच दिवशी तपासणीला धावलात. जुळलं नाही, तर ह्याच्यापेक्षा तुम्हीच जास्त रडलात. माझ्या घरात तर विषय काढला की सगळ्यांना एकदम कामं आठवतात.” मी टेप गुंडाळला. सुटला, पुन्हा गुंडाळला. तेवढ्यात तू जागा झालास आणि म्हणालास, “काय ग, माझं माप घेतेस? इतक्यात?” सगळे हसले. नर्ससुद्धा. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले, आणि तुला सांगितलं की प्रवासाने मळमळतंय.

भुंग्या, मी त्या पहिल्या दिवशी तपासणी केलीच नव्हती.

गेले होते, हे खरं. लॅबमध्ये चौदा नंबरचा कागद हातात घेऊन पाऊण तास बसले होते. समोरच्या दाराआड ट्रेमध्ये काहीतरी धातूचं खणखणलं, कोणीतरी “चौदा” म्हणालं, आणि मी उठून बाहेर आले. बागेतल्या बाकावर बसून तुला फोन केला आणि म्हटलं, जुळत नाही रे. तू मग म्हणालास, “असू दे ग. तू रडू नकोस. काहीतरी होईल.” तू माझी समजूत काढलीस. जुळलं तरच रिपोर्ट तुमच्या हॉस्पिटलला पाठवायचा होता, त्यामुळे कोणी कागद मागितलाच नाही. बायकोला साखर, बाबांचं वय झालेलं, राहिले होते मी एकटी, आणि माझ्या एका वाक्याने तू परक्या किडनीची वाट बघणाऱ्यांच्या यादीत गेलास.

आईचं ऑपरेशन झालं तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास. पित्ताशयातले खडे, तासाभराचं काम म्हणाले होते. बाबा कामासाठी बाहेरगावी होते. कागदावर सही मी केली, एकोणिसाव्या वर्षी, कारण नातेवाईक म्हणून तिथे मीच होते. आईने जाताना सांगितलं, भुंगा शाळेतून आला की त्याला खायला दे. आई परत आली नाही. तू आलास आणि मी तुला खायला दिलं, आधी खायला दिलं, मग सांगितलं. सहीचं मात्र तुला कधीच सांगितलं नाही. तेव्हापासून हिरवे कपडे, ती चाकांची खाट, तो वास, कशाच्याही जवळ मला जाता येत नाही. हे कारण आहे. माफीचा अर्ज नाही. घाबरले, एवढंच तुला सांगितलं असतं तरी तू समजून घेतलं असतंस, आणि दुसरा काही मार्ग शोधला असतास. मी ते न सांगता खोटं सांगितलं, आणि मग गोधडी शिवायला बसले. तू मागितलं होतंस ते देववत नव्हतं, म्हणून न मागितलेलं इतक्या घाईने देत होते.

दीड महिन्यापूर्वी शेवटची ओळ जोडत होते, तेव्हा तुझा फोन आला. इतर वेळी काहीतरी गुणगुणतच फोन उचलतोस, त्या दिवशी गुणगुणणं नव्हतं. म्हणालास, “ड्रायव्हरकाका गेले ग. चार वर्षं यादीत होते. आज त्यांच्या खुर्चीवर दुसराच कोणीतरी बसला होता. पत्ते कुणाशी खेळू?” मग म्हणालास, “मस्त चाललंय माझं, काळजी करू नकोस.”

मी मशीन बंद केली. घरी गेले. तुझे भावोजी कांदा चिरत होते. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बाकासकट, चौदा नंबरसकट. त्यांनी सुरी खाली ठेवली, गॅस बंद केला. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी नळाखाली हात धुतले. मग म्हणाले, “इतके महिने एकटीने सांभाळलंस हे?” आणि नंतर, “मी रागावलोय. पण ते नंतर बघू. चप्पल घाल.” लॅब बंद व्हायला वीस मिनिटं होती. ह्या वेळी सात नंबर मिळाला. ते माझा दंड धरून बसले होते, प्रेमाने म्हण किंवा पळून जाईन म्हणून म्हण. सुई शिरली तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, महिना मागचाच होता, कोणी पान उलटलं नव्हतं.

जुळलं, भुंग्या. चांगलं जुळलं. त्यानंतर हृदय, फुप्फुसं, साखर, सगळं तपासून झालं. मनाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का? म्हटलं, आहे, माझाच. त्या हसल्या नाहीत, तासभर बोलत बसल्या, आणि शेवटी लिहून दिलं. भीती गेलेली नाही.  पण भीतीला घेऊनच येणार आहे, तिला घरी ठेवून यायची वाट पाहिली तर आणखी आठ महिने जातील. सगळे कागद तुमच्या हॉस्पिटलला पोचलेत. तिथल्या प्रत्यारोपण विभागातल्या बाई सोमवारी सकाळी तुला फोन करून सांगतील की तुझी बहीण जुळतेय, तुझं-माझं रक्त एकत्र करून शेवटची एक चाचणी राहिली आहे, ती कधी करायची. तुला वाटेल, चमत्कार झाला, किंवा आधीचा रिपोर्ट चुकला होता. त्या बाईही कदाचित तसंच समजतील. मला ते सोपं गेलं असतं, आणि एक दिवसभर मी तसंच होऊ द्यायचं ठरवलंही होतं. पण तू मला पुन्हा सगळ्यांपुढे शाबासकी दिली असतीस, आणि तेवढं माझ्याच्याने सोसवलं नसतं. म्हणून फोनच्या आधी हे पत्र. माझ्यावर चीड, बायकोला वाचून दाखव, हवं तर गोधडी परत पाठव. पण सोमवारी त्या बाईंना हो म्हण. माझ्याशी बोलायचं की नाही, ते नंतर सावकाश ठरव.

तुझीच, भित्री पण निघालेली,
ताई