उघडे डोळे

अकोला, मंगळवार, १२ ऑगस्ट १९५८

सुमनचे पाय आजही हलले नाहीत. आता चेहराही लुळा पडलाय. माझ्या बायकोला धड हसता येत नाही, पापण्याही मिटत नाहीत. झोपवताना नर्स डोळ्यांवर ओली पट्टी ठेवते. डॉक्टर म्हणतात, शरीर आपल्याच नसांवर उलटलंय.

संध्याकाळी धाकटा भाऊ बाळू दर्यापूरहून आला. डोळ्यांवर पट्टी आहे म्हणजे ती झोपलीच असणार, असं धरून आम्ही खाटेशीच बोलत बसलो. नागपूरच्या खासगी दवाखान्यात नवी इंजेक्शनं आहेत, पण खर्च न झेपणारा. इथे सरकारी खाट फुकट. मालिश करायची आणि वाट पाहायची. खात्री दोन्हीकडे नाही.

बाळू म्हणाला, "माह्या वाट्याचं वावर इकून टाकू. वैनीपेक्षा वावर मोठं हाये का?"

आणि मी म्हणालो, "इंजेक्शनं वाया गेली तर?" नवरा मी, की तो?

तेवढ्यात सुमनच जड जिभेनं बोलली. "मले नागपूरले नका नेऊ. इथंच बरं वाटून राह्यलं मले."

कसलं बरं वाटतंय! हे मला कळत नव्हतं का? तरी मी लगेच "बरं" म्हणालो. जीव एकदम हलका झाला. ते तोंडावरही दिसलं असणार. माझा चेहरा अजून हलतो.

मग तिच्याकडे पाहिलं. पट्टी केव्हाच घसरून उशीवर पडली होती. ती माझ्याकडेच बघत होती. डोळे मिटून घेणं काही तिच्या हातात नव्हतं.