ठोकलेली गाडी

कुकटपल्ली, हैदराबाद

प्रिय योगिनी,

गाडीचं नाव काढलं की तू विषय बदलतेस, हे माहीत असूनही आज गाडीबद्दलच लिहिते आहे. फोनवर तू मध्येच तोडलं असतंस, पत्राला तसं करता येत नाही. तर ऐक, आम्ही एक जुनी गाडी बघितली. लाल, छोटी, इथल्या कोठी भागात दवाखाना असलेल्या डॉक्टर नफीसा यांची. माझी अट एकच होती, गाडी कधी ठोकलेली नसावी. मग काच उतरत नसली तरी चालेल. ही अट का, ते तुला सांगायला नको.

पण तुझे भावजी म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! आमचा हर्षवर्धन डॉक्टरबाईंची परवानगी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेला होता, गाडीचा सगळा इतिहास काढायला. तो येईपर्यंत थांबा म्हटलं, तर मुहूर्त टळतोय म्हणून यांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि नारळ फोडून मोकळे झाले. डॉक्टरबाईंनी खोबऱ्याचा तुकडा कौतुकाने खाल्लासुद्धा. आता नारळ फोडल्यावर माघार घेणं म्हणजे आपल्याकडे साखरपुडा मोडल्यासारखंच. आणि तेवढ्यात हर्षवर्धन तोंड पाडून आला. विम्याचा मोठा क्लेम निघाला होता. गाडी समोरून चेपली होती. बॉनेट, रेडिएटर, एअरबॅग, सगळं बदललेलं.

 कुणी ठोकली म्हणून विचारलं, तर बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "मैंच ठोकी. बाजू में अम्मी बैठी थी," म्हणाल्या. आईचा हात मोडला होता. नंतर नातेवाइकांनी काय काय ऐकवलं, ते त्यांनी सांगितलं नाही. पण मला ते न सांगता कळलं, कारण तसलं बोलणं मी आपल्या घरात ऐकलेलं आहे.

हर्षवर्धन म्हणाला, आई, चल, नारळाचं बघू. पण मी ते कागद परत वाचायला घेतले. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या तपासणीत गाडी इतकी थोडी फिरलेली, की त्याला वाटलं आकडाच चुकला. पुढच्या वर्षी जराशी जास्त. मग आणखी. ब्रेक आणि चाकं दर वर्षी न चुकता तपासलेली. आणि मग एका वर्षी आकडा एकदम चढलेला. विचारलं, तर त्या वर्षी डॉक्टरबाई आईला शेजारी बसवून गुलबर्ग्याच्या दर्ग्याला गेल्या होत्या. याच गाडीतून. योगिनी, आधी गल्लीच्या तोंडापर्यंत, मग दवाखान्यापर्यंत, मग थेट गुलबर्गा, असं एक बाई पुन्हा उभी राहत गेलेली मी त्या रुक्ष आकड्यांत बघत होते. मी विचारलं, भीती गेली का? त्या हसल्या. "गया कहां? डर कू पीछे की सीट पे बिठा के चलाई मैं." त्या माझ्याहून लहान आहेत, तरी मला त्यांना नमस्कार करावासा वाटला, आणि मी केलाही. बिचाऱ्या संकोचून गेल्या.

मग गाडी लिफ्टवर चढवून खालूनही तपासून घेतली. सांगाडा सरळ आहे, कुठे वाकलेला नाही. माझी अट मीच मोडली आणि गाडी घेतली.

आता खरं ते सांगते. मला गाडी येत नाही, तुझे भावजी स्कूटरच्या पुढे कधी गेले नाहीत आणि हर्षवर्धन पुढच्या महिन्यात नोकरीसाठी बंगळूरला चालला आहे. आपल्या सगळ्या खानदानात गाडी चालवणारी बाई एकच होती. झहीराबादच्या रस्त्यावर तिच्या हातून अपघात झाला, तिच्या लेकाचा, चिन्मयचा खांदा मोडला, आणि तेव्हापासून तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. चिन्मय परवा फोनवर सांगत होता, त्याच हाताने विकेटा काढतो म्हणून. पोरगा बरा झाला गं. तू कधी होणार? उदगीरहून रविवारी रेल्वेने ये. आमच्या कॉलनीमागे मोकळं मैदान आहे. शेजारी मी बसेन, आणि गाडी तुझ्या हातात असली की मी बिनघोर बसेन. हे रोज गाडी पुसतात आणि एक चक्कर कुणाकडून तरी मारून आणू म्हणतात, पण किल्ली मी कुणालाही दिलेली नाही.

तुझीच,
त्रिवेणीआक्का